एका रात्रीचा मुक्काम : अमेरिकेतील स्विंग बँडचे फिरते जीवन

संगीताचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः दोन ठिकाणांचा विचार करतो. जेथे संगीत शिकले गेले ते गुरुगृह हे एक, आणि जेथे ते सादर झाले ते सभागृह हे दुसरे. या दोहोंमधल्या प्रवासाला इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. कलावंत एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, एवढी नोंद पुरेशी मानली जाते. परंतु विसाव्या शतकातील एक संगीतप्रकार असा आहे की, त्यातून प्रवास वजा केला तर त्याचे स्वरूप, त्याचा उत्कर्ष आणि त्याचा अस्त यांपैकी कशाचाच नीट उलगडा होत नाही. अमेरिकेत साधारणतः १९३५ ते १९४६ या काळात लोकप्रियतेच्या शिखरावर असलेले ‘स्विंग’ हे ते संगीत होय.

या संगीताचे बँड वर्षातील कित्येक महिने रस्त्यावर असत. आज या गावी, उद्या त्या गावी. प्रस्तुत लेखात या फिरत्या जीवनाचा परिचय करून द्यावयाचा आहे. तो करून देताना एक विधान मांडावेसे वाटते. रस्ता हा दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ नव्हता. तो या वादकांचा रोजगार होता आणि त्यांची पाठशाळाही होता. कृष्णवर्णीय वादकांच्या बाबतीत मात्र तो त्याच वेळी रोजची मानहानीही होता. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय स्विंग समजले असे म्हणता येणार नाही.

स्विंग बँड म्हणजे काय?

जॅझ संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात जन्मले. न्यू ऑर्लिन्समधील सुरुवातीचे जॅझ पाच-सात वादकांचे असे आणि त्यात सर्वजण एकाच वेळी उत्स्फूर्तपणे वाजवीत. १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन आणि त्यांचे सहकारी डॉन रेडमन यांनी मोठ्या ताफ्यासाठी या संगीताची नवी मांडणी केली. ट्रंपेट व ट्रोंबोन यांचा एक गट, सॅक्सोफोनचा दुसरा गट आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तिसरा, लय सांभाळणारा गट अशी ती विभागणी होती. एका गटाने सुरावट टाकायची आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे. भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी ती उचलून धरतात, तसाच काहीसा हा प्रकार. मधूनमधून एखादा वादक उभा राहून एकट्याने वाजवी आणि आपली प्रतिभा दाखवी.

‘स्विंग’ या शब्दाचा अर्थ झुलणे असा आहे. चार मात्रांचा ठेका अविचल चालू असतो आणि सुरावट मात्र मात्रेच्या किंचित मागेपुढे झुलत राहते. त्यातून जी ओढ निर्माण होते ती ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. हे नाचाचे संगीत होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. समोरच्या लोकांचे पाय थांबले की बँड नापास झाला, असा साधा आणि निष्ठुर हिशेब होता.

रेडिओचे नाव, रस्त्याचा पैसा

चौदा-पंधरा वादक, एक-दोन गायक, व्यवस्थापक, बसचा चालक, वाद्ये उचलणारा मदतनीस असा हा कुटुंबकबिला. एवढ्या माणसांचा दर आठवड्याचा पगार कोठून येणार? ध्वनिमुद्रिकांतून येत असेल असे आपल्याला वाटते. पण काउंट बेसी यांनी १९३६ मध्ये डेका कंपनीशी केलेला करार पाहिला की हा समज दूर होतो. चोवीस ध्वनिमुद्रणांसाठी त्यांना एकूण ७५० डॉलर मिळाले आणि विक्रीवर मानधन मुळीच नव्हते. त्यांतील काही मुद्रिका पुढे घरोघर वाजल्या. बेसी यांच्या पदरात त्यापोटी काही पडले नाही.

दुसरे साधन रेडिओचे. मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांतून रात्री उशिरा थेट प्रक्षेपण होत असे. अशा ठिकाणी मोबदला बेताचा असे, कित्येकदा पदरमोडही होई. पण रेडिओमुळे बँडचे नाव शेकडो मैलांवरच्या गावांत पोहोचे. मग त्या नावाच्या बळावर दौरा काढायचा आणि गावोगावच्या नृत्यगृहांत एकेक रात्र वाजवून पैसा उभा करायचा. वादकांच्या भाषेत याला ‘वन-नायटर’, म्हणजे एका रात्रीचा कार्यक्रम, म्हणत. थोडक्यात, रेडिओ नाव देई आणि रस्ता पोट भरी.

दौरे ठरविण्याचे काम दलाल कंपन्यांकडे असे. १९२४ मध्ये शिकागोत स्थापन झालेली ‘म्युझिक कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही त्यांतील प्रमुख. कोणते नृत्यगृह कोणत्या रात्री रिकामे आहे यावर मार्ग ठरे. नकाशावरील अंतराचा विचार नंतर. दलाल नकाशावर डोळे मिटून बाण फेकतात आणि लागेल त्या गावी आपल्याला पाठवतात, असा विनोद वादकांत प्रचलित होता.

रस्ता आणि रेडिओ यांचे हे नाते बेनी गुडमन यांच्या १९३५ च्या दौऱ्यात स्पष्ट दिसते. गुडमन हे गोरे क्लॅरिनेटवादक. त्यांनी हेंडरसन यांच्याकडून संगीतरचना विकत घेतल्या होत्या आणि ‘लेट्स डान्स’ या रेडिओ कार्यक्रमात त्यांचा बँड त्या वाजवी. १९३५ च्या उन्हाळ्यात हा बँड मोटारींनी पश्चिमेकडे निघाला. वाटेत डेन्व्हर येथे श्रोत्यांनी पाठ फिरवली. त्यांना संथ, ओळखीचे नृत्यसंगीत हवे होते. दौरा गुंडाळावा की काय, अशी वेळ आली. पण २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार नृत्यगृहात हेंडरसन यांच्या रचना सुरू होताच तरुणांनी नुसता जल्लोष केला. याचे एक कारण घड्याळात होते. रेडिओवर गुडमन यांची पाळी शेवटची. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्र होत आलेली असे; पण पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळच असे. तेथील मुलांनी हे संगीत महिनोन् महिने घरी ऐकलेले होते. या रात्रीपासून स्विंगचे युग सुरू झाले, असे मानण्याचा प्रघात आहे.

हा प्रघात स्वीकारताना दुसरी बाजूही पाहावयास हवी. ज्या हेंडरसन यांच्या रचनांनी पालोमार गाजविले, त्यांचा स्वतःचा बँड १९३४ च्या अखेरीस मोडला होता. संगीत तेच, पण गोऱ्या बँडला जी हॉटेले, जे रेडिओ कार्यक्रम आणि जे रस्ते खुले होते, ते कृष्णवर्णीय बँडला नव्हते. ‘स्विंगचा राजा’ ही पदवी गुडमन यांना मिळाली.

दिवसाचा क्रम

अशा बँडचा दिवस रात्री सुरू होई असे म्हटले तर वावगे ठरू नये. मध्यरात्रीनंतर नाच संपे. वाद्ये पेट्यांत भरायची, गणवेश घड्या करून ठेवायचे आणि बसमध्ये चढायचे. पुढचे गाव २०० मैलांवर असो की ४०० मैलांवर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेथे उभे राहिलेच पाहिजे. अमेरिकेतील आजचे प्रशस्त आंतरराज्य महामार्ग तेव्हा नव्हते. त्यांचा कायदा १९५६ सालचा. गावांच्या मधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवरून, हिवाळ्यात बर्फातून, ही बस चाले. झोप बसायच्या जागेवरच घ्यायची. वेळ घालविण्यासाठी पत्ते, फासे आणि गप्पा. कपडे धुऊन वाळविणे, इस्त्री मिळविणे, बरे जेवण मिळविणे या साध्या गोष्टींना मोहिमेचे रूप येई. रात्री मात्र झगमगत्या दिव्यांखाली सर्वांनी एकसारख्या पोशाखात, ताजेतवाने दिसायचे.

या प्रवासात जिवाचा धोकाही होता. बँडप्रमुख हॅल केंप १९४० च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाताना मोटार अपघातात सापडले आणि दगावले. कॅब कॅलोवे यांच्या बँडमधील थोर सॅक्सोफोनवादक चू बेरी यांचाही १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये एका कार्यक्रमाहून दुसऱ्या कार्यक्रमाकडे जाताना ओहायो राज्यात अपघात झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

अशा कष्टांतून रात्री नेमके काय वाजत असे, याचा एक अपूर्व पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी ड्यूक एलिंग्टन यांचा बँड नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो या गावी क्रिस्टल बॉलरूममध्ये वाजला. दौऱ्यातील ही एक साधी रात्र. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुण शौकिनांनी परवानगी घेऊन तबकड्या कोरणारे यंत्र तेथे नेले आणि जवळजवळ सगळा कार्यक्रम टिपला. ट्रंपेटवादक कूटी विल्यम्स नुकतेच बँड सोडून गुडमन यांच्याकडे गेले होते आणि त्यांच्या जागी रे नान्स हे नवे वादक आले होते. घडी विस्कटली असेल अशी अपेक्षा करावी, तर प्रत्यक्षात बेन वेबस्टर यांचे ‘स्टारडस्ट’ आणि तरुण जिमी ब्लँटन यांचा बास ऐकताना उलटेच प्रत्ययास येते. आडगावची, थंडीची रात्र. पुढ्यात केवळ नाचायला आलेली मंडळी. आणि तरीही वादन उच्च कोटीचे. हे मुद्रण पुढे प्रकाशित झाले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. कोणी नोंद न केलेल्या अशा किती रात्री विरून गेल्या असतील, असा विचार ते ऐकताना मनात आल्यावाचून राहत नाही.

रस्त्याने घडविलेले संगीत

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. रस्त्याने संगीतावर कोणता संस्कार केला?

याचे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील ‘टेरिटरी बँड’ देतात. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस, नेब्रास्का अशा विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या राज्यांत फिरणारे हे बँड. त्यांतील वॉल्टर पेज यांचा ‘ब्लू डेव्हिल्स’ हा बँड सहकारी तत्त्वावर चाले. मिळकत सर्वांनी वाटून घ्यायची. १९३३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात तो पैशाअभावी अडकून पडला आणि तेथेच विखुरला. पण त्याची माणसे वाया गेली नाहीत. बेसी, पेज, गायक जिमी रशिंग आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग ही त्या बँडमधून गेलेली मंडळी पुढे कॅन्सस सिटीत बेसी यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आली. खुद्द बेसी या शहरात आले तेही असेच. १९२७ मध्ये ज्या फिरत्या करमणुकीच्या ताफ्याबरोबर ते आले होते, तो येथेच मोडला आणि ते अडकून राहिले. रस्त्यावर अडकून पडण्याच्या या दोन घटना घडल्या नसत्या तर जॅझच्या इतिहासातील एक श्रेष्ठ बँड कदाचित जन्मालाच आला नसता.

या बँडचे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्याजवळ लिहिलेल्या रचना फार थोड्या होत्या. एखादा वादक एक छोटीशी सुरावट सुचवी. जॅझमध्ये तिला ‘रिफ’ म्हणतात. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात लेहरा पुन्हा पुन्हा येतो, तशी ती आवर्तनागणिक परत येते. सॅक्सोफोनवाल्यांनी ती उचलली की ट्रंपेटवाले तिच्यावर दुसरी सुरावट ठेवीत. अशी तोंडी बांधणी सर्वांच्या डोक्यात पक्की होई. ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही १९३७ मध्ये मुद्रित झालेली बेसी यांची प्रसिद्ध रचना याच रीतीने तयार झालेली आहे.

ही रीत रस्त्यावर मुरते, याचे कारण उघड आहे. तीच पंधरा माणसे दिवसभर एका बसमध्ये आणि रात्री एका मंचावर. कोणाचा श्वास कोठे संपतो, कोण कोणत्या स्वरावर रेंगाळतो, हे एकमेकांना सांगावे लागत नाही. शिवाय काल रात्री एखादी सुरावट नाचणाऱ्यांना रुचली नाही, तर आज ती गळून पडे. रुचली तर उद्या आणखी घासूनपुसून येई. शेकडो गावांच्या पायांनी पारखून घेतलेले हे संगीत होते. बेसी यांचा बँड १९३६ च्या अखेरीस शिकागोत आला तेव्हा तेथील ग्रँड टेरेसमधील खेळासाठी त्याच्याजवळ पुरेशा लिखित रचना नव्हत्या. त्या वेळी हेंडरसन यांनी आपल्या रचना बेसी यांना वापरावयास दिल्या. धंद्यातील प्रतिस्पर्ध्याने दाखविलेला हा मोठेपणा मुद्दाम नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

एलिंग्टन यांची पद्धत निराळी, पण तीही प्रवासाशी जडलेली. ते बव्हंशी आगगाडीत, मोटारीत, हॉटेलच्या खोलीत लिहीत आणि अमुक वाद्यासाठी न लिहिता अमुक वादकासाठी लिहीत. रात्री बँड ती रचना वाजवून पाही. १९३३ मधील ‘डेब्रेक एक्स्प्रेस’मध्ये तर आगगाडीचा वेग, तिची शिटी आणि रुळांचा खडखडाट सगळ्या बँडने वाद्यांतून उभा केला आहे. बॅरिटोन सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी १९२७ मध्ये एलिंग्टन यांच्याकडे आले आणि १९७४ मध्ये एलिंग्टन यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. उत्तरकाळात बँड बसने जाई आणि एलिंग्टन कार्नींच्या मोटारीत त्यांच्या शेजारी बसून जात. गाडी हाकणारा वादक आणि शेजारी रचना जुळविणारा रचनाकार, अशी ही जोडी कित्येक वर्षे अमेरिकेचे रस्ते तुडवीत होती. एलिंग्टन गेले त्याच वर्षी काही महिन्यांनी कार्नीही गेले.

रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न

आतापर्यंतचे वर्णन वाचून हे जीवन कष्टाचे पण रम्य होते, असे वाटण्याचा संभव आहे. गोऱ्या बँडपुरते ते काही अंशी खरेही असेल. परंतु दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे होते आणि उत्तरेतही रीतिरिवाज फारसा निराळा नव्हता. कृष्णवर्णीय बँडने ज्या हॉटेलात रात्री दोनपर्यंत वाजवावे, त्याच हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. मंचावर जायचे ते स्वयंपाकघरातून किंवा मागील दाराने. रस्त्यातल्या खाणावळीत बसून जेवता येत नसे. पुडके बांधून घ्यायचे आणि बसमध्ये खायचे, तेही कोणी विकत दिले तर. दक्षिणेत तंबाखूच्या गोदामांतून नाच होत. तेथे मधोमध दोर बांधून एका बाजूस गोरे आणि दुसऱ्या बाजूस काळे, अशी सोय केलेली असे. ठेका तोच, जमीन तीच, मध्ये दोर! गावकुसाबाहेरचे जिणे ज्या समाजाने पाहिले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मुक्कामासाठी मग कृष्णवर्णीय वस्तीतील घरे शोधायची. कोणाच्या घरी दोन, कोणाच्या घरी तीन असे वादक उतरत. ही माहिती तोंडोतोंडी फिरे. १९३६ पासून तिला छापील रूप आले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाटप करणाऱ्या गृहस्थाने कृष्णवर्णीय प्रवाशांना आसरा देणारी घरे, खाणावळी, पेट्रोलपंप यांची यादी ‘ग्रीन बुक’ या नावाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एलिंग्टन आणि कॅलोवे यांच्यासारख्या संपन्न बँडप्रमुखांनी दुसरा तोडगा काढला. त्यांनी आगगाडीचे शयनयान डबेच भाड्याने घेतले. डबे स्थानकात उभे करायचे आणि तेच हॉटेल समजून राहायचे. लोकांना तो थाट वाटे. वस्तुतः ती मानरक्षणाची युक्ती होती.

ज्यांना ही ऐपत नव्हती त्यांचे अनुभव कडवट आहेत. १९३१ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या वादकांना मेम्फिस येथे पोलिसांनी बसमधून उतरवून तुरुंगात नेले. व्यवस्थापकाची गोरी पत्नी एका कृष्णवर्णीय वादकाशेजारी बसली होती, हा अपराध! गायिका बिली हॉलिडे १९३७ मध्ये बेसी यांच्या बँडमध्ये होत्या. त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, डेट्रॉइटमधील एका नाट्यगृहात, त्यांचा वर्ण दिव्यांखाली फार उजळ दिसतो आणि काळ्या वादकांत गोरी बाई उभी आहे असे प्रेक्षकांना वाटेल म्हणून, त्यांना तोंडाला गडद रंग फासावयास लावले. पुढच्याच वर्षी त्या आर्टी शॉ यांच्या गोऱ्या बँडमध्ये गेल्या. तेथे अडचण नेमकी उलट. आता त्या पुरेशा गोऱ्या नव्हत्या. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात, जेथे त्यांचे नाव जाहिरातीत होते, तेथे त्यांना सामान वाहून नेण्याच्या लिफ्टने जा असे सांगण्यात आले. त्या वर्षअखेरीस त्यांनी तो बँड सोडला.

मुलींचा बँड

या सर्व गोष्टी एकाच बसमध्ये पाहावयाच्या असतील तर ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ या बँडकडे पाहावे. मिसिसिपी राज्यातील पायनी वुड्स या शाळेचे संस्थापक लॉरेन्स जोन्स यांनी शाळेसाठी निधी जमविण्याच्या हेतूने १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा मुलींचा बँड उभा केला. कृष्णवर्णीय मुलींबरोबर चिनी, मेक्सिकन अशा निरनिराळ्या वंशांच्या मुली त्यात होत्या. म्हणून नावात ‘इंटरनॅशनल’. १९४१ मध्ये बँडने शाळेशी संबंध तोडला आणि तो स्वतंत्रपणे व्यावसायिक दौरे करू लागला. ॲना मे विनबर्न या नेत्या, टायनी डेव्हिस ट्रंपेटवर, व्हाय बर्नसाइड सॅक्सोफोनवर. ‘बिग बर्था’ या त्यांच्या बसमध्ये निजण्याचीही व्यवस्था होती, कारण दक्षिणेत त्यांना दुसरा निवाराच नसे.

पुढे या बँडमध्ये काही गोऱ्या मुलीही आल्या. दक्षिणेत काळ्या व गोऱ्या स्त्रियांनी एकत्र राहणे, एकत्र जेवणे हा गुन्हा ठरे. म्हणून गोऱ्या मुली तोंडाला गडद रंग लावून मंचावर बसत. सॅक्सोफोनवादक रोझ क्रॉन यांना टेक्ससमधील एल पासो येथे पोलिसांनी याच कारणावरून पकडून कोठडीत ठेवले होते. बिली हॉलिडे यांना रंग लावावा लागला तो प्रेक्षकांचा गैरसमज टाळण्यासाठी. या मुलींनी तो लावला तो मैत्रिणींच्या शेजारी बसता यावे म्हणून. एकाच रंगाच्या डबीचे हे दोन उपयोग त्या काळातील अमेरिकेबद्दल बरेच काही सांगून जातात. १९४५ मध्ये हा बँड युरोपात अमेरिकेच्या कृष्णवर्णीय सैनिकांपुढे वाजला. १९४९ च्या सुमारास तो थांबला आणि मग बरीच वर्षे इतिहासाच्या पुस्तकांनी त्याची दखलही घेतली नाही.

रस्ता बंद होतो

ज्या रस्त्याने स्विंगला पोसले, त्यानेच त्याचा शेवट केला. १९४२ मध्ये युद्धामुळे टायर आणि पेट्रोल यांवर नियंत्रण आले. तरुण वादक सैन्यात भरती होऊ लागले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो दोन वर्षांहून अधिक काळ टिकला. त्यात वादकांना मज्जाव होता, गायकांना नव्हता. गायक कोरसच्या साथीवर गात राहिले आणि लोकांचे प्रेम बँडकडून गायकांकडे वळले. १९४४ मध्ये नृत्य व गायन असलेल्या करमणूकगृहांवर जबर कर बसला. युद्ध संपल्यावर तरुणांनी संसार थाटले, घरी रेडिओ आणि पाठोपाठ दूरचित्रवाणी आली. नृत्यगृहे ओस पडू लागली. पण पंधरा माणसांचा पगार आणि बसचा खर्च काही कमी झाला नाही. १९४६ च्या अखेरच्या थोड्या आठवड्यांत गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासह अनेक नामवंतांनी आपापले बँड मोडले. बेसी यांनीही १९५० मध्ये ताफा लहान केला. १९५२ मध्ये त्यांनी तो पुन्हा उभारला. एलिंग्टन यांनी मात्र आपल्या गाण्यांच्या मानधनातून पगार भागवून बँड चालूच ठेवला. रोज नवी रचना लिहावी आणि रात्री ती ऐकता यावी, यासाठी त्यांना तो हवा होता.

मुंबईपर्यंत आलेला रस्ता

हा रस्ता आपल्या दारापर्यंतही आला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यासाठी आला. त्याच दशकात पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही येथे वाजवीत; पुढे ते कलकत्त्यास गेले आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने वारले. या मंडळींकडून गोमंतकीय वादकांनी स्विंग उचलले. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या या वादकांना ही विद्या लवकर साधली. आल्दोना गावचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हे त्यांतील अग्रगण्य ट्रंपेटवादक. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात मसुरीसारखे थंड हवेचे ठिकाण, असे त्यांचेही जीवन फिरतेच होते. त्यांच्या ट्रंपेटचा नाद मराठी माणसाच्या कानांवर पडला तो सी. रामचंद्र यांच्या संगीतातून. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात तो विशेष जाणवतो. टेरिटरी बँडच्या बसमध्ये मुरलेला ठेका अशा रीतीने आपल्या वराती-मिरवणुकींपर्यंत येऊन पोहोचला.

१९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एलिंग्टन यांच्या बँडला पश्चिम व दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठविले. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात होते तेव्हा त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी बँड सांभाळला. हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता अशा शहरांत बँड गेला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि दौरा तुर्कस्तानात अर्धवट थांबविण्यात आला. त्याच्या आठवणींतून ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामाला तयार झाली. १९६६ च्या डिसेंबरात ती मुद्रित झाली. तिच्यात दिल्लीच्या मैनेवर एक रचना आहे आणि ‘आग्रा’ नावाची दुसरी आहे. या दुसरीत प्रमुख वाद्य आहे कार्नींचा बॅरिटोन सॅक्सोफोन.

या दौऱ्यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशात हे वादक सरकारचे सांस्कृतिक दूत म्हणून उत्तमोत्तम हॉटेलांत उतरत होते. त्यांच्याच देशात मात्र हॉटेले, खाणावळी अशा सार्वजनिक ठिकाणी वंशभेद करण्यास बंदी घालणारा देशव्यापी कायदा अजून व्हायचा होता. तो २ जुलै १९६४ रोजी झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ‘ग्रीन बुक’चे प्रकाशन बंद पडले, त्या पुस्तकाची गरज सरावी हीच त्याच्या कर्त्याची इच्छा होती. पण तोवर स्विंगचे युग संपून वीस वर्षे होत आली होती. ज्यांनी या रस्त्यांवर आपले तारुण्य घालविले, त्यांपैकी कित्येकांना हक्काची खोली मिळाली ती म्हातारपणी. चू बेरी यांच्यासारख्यांना ती मिळालीच नाही.

स्विंग ऐकताना प्रथम जाणवतो तो त्यातील आनंद. तो आनंद खोटा नव्हता. रात्रभर बसमध्ये अवघडून बसलेल्या माणसांनीच तो रोज नव्याने उभा केला होता. मात्र तो भोळाही नव्हता. आपण वाजवू, लोक नाचतील आणि नंतर आपल्याला रात्रीचा निवारा शोधत हिंडावे लागेल, हे वाजविणाऱ्यांना पहिल्या स्वरापासून ठाऊक होते. तरीही ठेका सुटला नाही. संगीताच्या अभ्यासकाने राग, ताल, रचना यांचा विचार करावाच; पण त्याबरोबर कार्यक्रम संपल्यावर कलावंत कोठे झोपला, हाही प्रश्न विचारावा. कलेच्या इतिहासात तो प्रश्न किरकोळ नाही.